तंट्याचे कागद, जगण्याचा पुरावा

अठराव्या शतकातील महाराष्ट्राचा इतिहास प्रथम लिहिला गेला तो मोहिमा, तह आणि राजकारणे यांच्या पत्रांवरून. परंतु त्याच काळातील कुणबी, सुतार किंवा कुंभार कसा जगत होता हे जाणून घ्यायचे असेल, तर पुण्याच्या पेशवे दप्तरात आणि जुन्या वतनदार घराण्यांच्या संग्रहांत रुमालांमध्ये, म्हणजे कापडी बासनांत, बांधलेल्या महजरांकडे वळावे लागते. वतन, जमीन, शीव किंवा मानपान यांविषयीचा तंटा गोतसभेपुढे, म्हणजे वतनदार व बलुतेदारांच्या सभेपुढे, चालल्यानंतर जो निवाडपत्राचा लेख होई, त्याला महजर म्हणत.

अशा कागदांवर बहुधा सुहूर सन आढळतो. सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करी तेव्हा हे वर्ष पालटत असे आणि त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो. महिने हिजरी चांद्र पद्धतीचे असले, तरी वर्षारंभ पेरणीच्या हंगामाशी बांधलेला होता, कारण सरकारचा वसूल शेवटी पिकावरच उभा होता.

महजराचा सर्वांत बोलका भाग म्हणजे साक्षीदारांची निशाणी. लिहिता न येणारा माणूस आपल्या नावापुढे व्यवसायाच्या हत्याराचे चित्र काढी किंवा काढवून घेई. पाटलाच्या आणि कुणब्याच्या नावापुढे नांगर, शेट्याच्या नावापुढे तराजू, न्हाव्यापुढे आरसा, तर चांभारापुढे आरी दिसते. निरक्षर कारागिराची साक्ष गावच्या निवाड्यात ग्राह्य होती आणि त्याची ओळख त्याच्या कामावरून ठरत होती, या दोन्ही गोष्टी त्या लहानशा रेखाटनातून एकदम स्पष्ट होतात.

पाटीलकी भावांत वाटली गेली किंवा तिचा निम्मा हिस्सा विकला गेला, की हक्कांची तपशीलवार यादी करावी लागे. तेल्याकडचे तेल, तांबोळ्याकडची पाने, चांभाराकडून मिळणारा जोडा, होळीची पोळी आधी कोणाची आणि पोळ्याला पुढे बैल कोणाचा, हे सारे त्यात नोंदवले जाई. सभेला निकाली काढायचा होता तो मानाचा प्रश्न. पण त्या निमित्ताने गावात कोणते व्यवसाय चालत, देणेघेणे नाण्यांपेक्षा वस्तूंत किती होई आणि सणांतून प्रतिष्ठेची उतरंड कशी मांडली जाई, याची नोंद आपोआप होऊन गेली.

अर्थात, ज्याला वतन होते त्याचाच तंटा कागदावर येई. उपरी, म्हणजे गावात मिरासी हक्क नसलेली कुळे, आणि बहुसंख्य स्त्रिया या लेखांत क्वचितच भेटतात. ही उणीव काही अंशी वस्तू भरून काढतात. दिनकर केळकर यांनी आयुष्यभर जमवून १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलेल्या संग्रहातील दिवे, अडकित्ते, दौती आणि स्वयंपाकाची साधने हातांच्या रोजच्या वापराची साक्ष देतात, जरी ती वापरणाऱ्यांची नावे बहुधा हरवलेली असली तरी.

म्हणूनच कागद आणि वस्तू यांचा अभ्यास एकत्र व्हायला हवा, आणि त्यासाठी मोडी वाचणारे अभ्यासक वाढणे अत्यावश्यक आहे. शब्द न तोडता बोरूने लिहिलेली ही लिपी शालेय शिक्षणातून गेली, तेव्हापासून घरोघरची दप्तरे वाचकाविना पडून आहेत. ती वाचली गेली, तरच सामान्य माणसाला मराठी इतिहासात त्याच्या हक्काची जागा मिळेल.