कॅनडातील पहिले घर : नवागतांसाठी

मनाई कोणास : १ जानेवारी २०२३ पासून अंमलात आलेल्या आणि १ जानेवारी २०२७ पर्यंत मुदत वाढविलेल्या कायद्यान्वये शहरी भागांतील निवासी मालमत्ता खरेदी करण्यास विदेशी नागरिकांस मनाई असली, तरी ज्यांस कायम वास्तव्याचा परवाना प्राप्त झाला आहे, त्यांस ती लागू नाही.

आगाऊ रक्कम : पहिल्या ५ लाख डॉलरांवर किमान ५ टक्के, वरच्या रकमेवर १०, म्हणजे ६ लाखांच्या घरास ३५ हजार. किंमत १५ लाख किंवा अधिक असल्यास सरसकट २० टक्के.

तारण-विमा : आगाऊ रक्कम २० टक्क्यांहून कमी असल्यास अनिवार्य. हप्ता खरेदीदाराचा, संरक्षण मात्र बँकेस.

प्रथमगृह बचत खाते : भरणा-मर्यादा वर्षास ८ हजार, हयातीत ४० हजार डॉलर. चालू वर्षी किंवा मागील चार वर्षांत पुण्यातील स्वतःच्या सदनिकेत वास्तव्य केलेल्यास, आणि हे आवर्जून ध्यानी घ्यावे, ते उघडता येत नाही.