दातांच्या डॉक्टरांची धास्ती
लेखमाला : भीतीची उकल – भाग ७

उद्या दातांच्या डॉक्टरांकडे जायचे असेल, तर आज कसे वाटते? अमेरिकी संशोधक नॉर्मन कोरा यांनी १९६९ मध्ये ही भीती मोजण्यासाठी चार प्रश्न तयार केले. त्यांतला पहिला याच आशयाचा होता. बाकीचे तीन होते दवाखान्यात नंबराची वाट पाहण्याविषयी, ड्रिल तयार होत असतानाच्या आणि दात साफ करण्याची हत्यारे काढली जात असतानाच्या क्षणांविषयी. चारही प्रश्न उपचार सुरू होण्याआधीचे! १९९५ मध्ये या प्रश्नावलीची सुधारित आवृत्ती आली आणि तिच्यात हिरडीतल्या इंजेक्शनाचा पाचवा प्रश्न जोडला गेला. तिच्यात ५ ते २५ गुण मिळू शकतात. १९ किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे तीव्र भीती.

ही भीती पोकळ नसते. लहानपणी हिरडी पुरती बधिर होण्याआधीच दात काढला गेला, दुखते म्हटल्यावर दटावून गप्प केले गेले, अशा अनुभवांत ती रुजते. त्यात खुर्चीत आडवे पडून तोंड उघडे ठेवायचे, बोलता येत नाही, आत काय चालले आहे ते दिसत नाही. ही असहायता वेदनेइतकीच छळते.

मग जाणे लांबते. दातावरच्या इनॅमलला संवेदना नसते. कीड वरवरची असेल, तर एका बैठकीत सिमेंट भरून काम भागते. कित्येकदा इंजेक्शनही लागत नाही. तीच कीड आतल्या नसेपर्यंत गेली की रूट कॅनल करावे लागते. पू होऊन गाल सुजला, की आणखी एक अडचण येते. संसर्ग झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते आणि तिथे बधिर करणारे औषध नीट लागू पडत नाही. दुखेल म्हणून थांबलेल्या माणसाला शेवटी खरोखरच जास्त दुखू शकते आणि पुढच्या वेळी पाऊल आणखी अडते. स्वीडनचे उल्फ बेरग्रेन यांनी १९८४ मध्ये हेच दुष्टचक्र मांडले.

ते तोडायला सुरुवात अपॉइंटमेंट घेतानाच करता येते. ‘मला फार भीती वाटते’ हे तेव्हाच सांगून टाकावे आणि पहिल्या भेटीत फक्त तपासणी ठरवावी. डावा हात वर केला की काम थांबवायचे, ही खूण डॉक्टरांशी आधी पक्की करावी. थांबवणे आपल्या हातात आहे हे कळले, की असहायता बरीच उतरते.

इंजेक्शनाआधी हिरडीला बधिर करणारी जेल लावता येते. औषध सावकाश सोडले तर कळही कमी येते. लिग्नोकेनच्या अनेक इंजेक्शनांत ॲड्रेनॅलिन मिसळलेले असते आणि त्याने छाती धडधडू शकते. ‘मला काहीतरी होतंय’ असे वाटून माणूस अधिकच घाबरतो. बहुधा काही मिनिटांत ती धडधड ओसरते. हृदयविकार किंवा रक्तदाब असेल, तर मात्र ते आधी सांगायलाच हवे. दात काढताना जाणवणारा रेटाही वेदना नव्हे. औषध दुखणे थांबवते, दाबाची जाणीव पूर्ण पुसत नाही. खरोखर दुखलेच, तर हात वर करावा. आणखी औषध देता येते.

सुई किंवा रक्त पाहून भोवळ येणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांचा रक्तदाब एकदम घसरतो, त्यामुळे अंग सैल सोडण्याचा सल्ला त्यांच्या उपयोगाचा नाही. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ऊस्ट यांनी अशांसाठी उलटे तंत्र विकसित केले. हात, पाय आणि पोटाचे स्नायू १०-१५ सेकंद घट्ट आवळायचे, मग ताण सोडायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा आवळायचे. त्याने रक्तदाब टिकून राहतो. अशांनी उपाशीपोटीही जाऊ नये. भूल देऊन उपचार ठरले असतील, तर मात्र खाण्याबाबत डॉक्टर सांगतील तेच पाळावे.

वरची दाढ काढली की नजर अधू होते, हा समज आपल्याकडे अजून घराघरांत ऐकू येतो. तो निराधार आहे. दाढेची संवेदना नेणारी नस आणि दृष्टीची नस या दोन वेगळ्या नसा आहेत.

‘ऐकलं नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’ ही धमकी मुलांच्या मनात काय पेरते आणि ॲडलस्टन यांनी १९५९ मध्ये मांडलेली ‘आधी सांगा, मग दाखवा, मग करा’ ही पद्धत मुलांना खुर्चीत कशी बसवते, ते पुढच्या आठवड्यात.