भुकटीची अग्निपरीक्षा

बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यात दिंद्रुड हे गाव आहे. या भागात ऊस आणि कापूस ही पिके घेतात. जवळच तेलगाव येथे साखर कारखाना आहे. अशा गावातील विद्यार्थ्याला गंधक हा पदार्थ पाठ्यपुस्तकाबाहेरही भेटू शकतो. पिकावर भुरी रोग पडला की शेतकरी गंधकाची बारीक पूड धुरळतात. आपल्या देशात पांढरी साखर करणाऱ्या बहुतेक कारखान्यांत गंधक जाळून सल्फर डायॉक्साइड वायू तयार करतात. तो उसाच्या रसात सोडला की रसाचा रंग फिका होतो.

गंधक जळतो हे आपल्याला ठाऊक आहे. पण गोण्या मालमोटारीत भरणाऱ्या हमालाला, गोदाम सांभाळणाऱ्याला किंवा आग विझवायला धावणाऱ्या जवानाला एवढी माहिती पुरत नाही. लाकूड जळते, कापूस जळतो, साखरसुद्धा जळते. मग यांपैकी कोणता घन पदार्थ 'ज्वलनशील' म्हणून वेगळा काढायचा, आणि तो कशावरून?

सर्वांना एकच परीक्षा

हा प्रश्न साऱ्या जगापुढे होता. एका देशात धोकादायक ठरलेला माल दुसऱ्या देशाच्या बंदरात साधा ठरला, तर घोटाळाच व्हायचा. म्हणून धोकादायक मालाच्या वाहतुकीसंबंधी संयुक्त राष्ट्रसंघाने शिफारशी तयार केल्या. त्या प्रथम १९५६ साली प्रसिद्ध झाल्या. त्यांत मालाचे नऊ वर्ग आहेत, आणि चौथ्या वर्गाच्या पहिल्या विभागात, म्हणजे ४.१ मध्ये, ज्वलनशील घन पदार्थ येतात.

एखादे नवे रसायन या विभागात बसते की नाही, हे ठरवण्याची परीक्षा अगदी साधी आहे. प्रथम प्राथमिक चाचणी होते. थंड आणि उष्णता सहज वाहून न नेणाऱ्या पाटीवर पदार्थाच्या भुकटीची २५० मिलिमीटर लांब, २० मिलिमीटर रुंद आणि १० मिलिमीटर उंच अशी सलग पट्टी घालतात. तिच्या एका टोकाला किमान १००० अंश सेल्सियस तापमानाची वायूची ज्योत जास्तीत जास्त दोन मिनिटे धरतात. त्यानंतर ज्वलन दोन मिनिटांच्या आत २०० मिलिमीटरपर्यंत पसरले नाही, तर पदार्थ या विभागात येत नाही व परीक्षा तेथेच संपते. धातूंच्या भुकटीला मात्र यापेक्षा जास्त वेळ दिला जातो.

ज्वलन पसरले, तर खरी परीक्षा सुरू होते. आता भुकटी त्रिकोणी छेदाच्या साच्यात सैल भरतात. साचा २० मिलिमीटर उंचीवरून तीन वेळा कठीण पृष्ठभागावर आपटतात. भुकटी प्रत्येक वेळी सारखीच दाबून बसावी, हा त्यामागचा हेतू. मग साचा पाटीवर उपडा करून काढून घेतात. पुढे भुकटीचा छोटा बांध तयार होतो, आपल्या शेतातल्या बांधासारखाच! त्याच्या एका टोकाला आग लावतात. पहिले ८० मिलिमीटर जळून जाऊ देतात आणि पुढच्या १०० मिलिमीटरला किती वेळ लागतो ते मोजतात.

हा वेळ ४५ सेकंदांहून कमी भरला, तर पदार्थ ज्वलनशील घन ठरतो. १०० ला ४५ ने भागून पाहा. सेकंदाला सुमारे २.२ मिलिमीटर हा वेग येईल. मुंगीसुद्धा याहून भरभर चालते. पण साठवलेल्या मालात आग या वेगाने सरकू लागली, तर धोका मोठाच.

परीक्षा अजून संपलेली नाही. मोजणीच्या पट्ट्यापुढे ३० ते ४० मिलिमीटरवर बांधाचा थोडा भाग एक मिलिलिटर पाण्याने आधीच भिजवलेला असतो. त्या ओल्या जागी आग किमान चार मिनिटे अडून राहिली, तर पदार्थ कमी धोक्याच्या गटात जातो. ती न अडता पुढे गेली, तर मध्यम धोक्याच्या गटात. जवानाला पाण्याचा कितपत उपयोग होईल, याचाही अंदाज यावरून येतो. एकाच निकालावर विसंबून न राहता ही चाचणी सहा वेळा करतात. त्याआधीच पदार्थ ज्वलनशील ठरला तर पुढची गरज उरत नाही.

रूप बदलले की नियम बदलतो

आता गंधकाकडे वळू. संयुक्त राष्ट्रसंघाच्या यादीत त्याचा क्रमांक १३५० आहे. विभाग ४.१, गट कमी धोक्याचा. पण याच यादीत एक चमत्कारिक वाटणारी सवलत आहे. गंधक ठरावीक आकाराच्या गोळ्या, दाणे किंवा पापड्या यांच्या रूपात असेल, तर त्याला हे नियम लागू होत नाहीत. मूलद्रव्य तेच, अणू तेच, मग असे का?

याचे उत्तर पृष्ठफळात आहे. एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे एक मिलिमीटर बाजूचे १००० घन केले, तर एकूण पृष्ठफळ ६० चौरस सेंटिमीटर होते. दशांश मिलिमीटर बाजूचे तुकडे केले, तर ६०० चौरस सेंटिमीटर! वजन तेवढेच, पण हवेतील ऑक्सिजनला भिडणारी जागा शंभरपट. शिवाय बारीक कण तापायलाही वेळ लागत नाही.

पट्टीच्या परीक्षेला मर्यादाही आहेत. साखर ४.१ मध्ये मोडत नाही. तरीही अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ येथील साखर शुद्धीकरण कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी साखरेच्या धुळीचा स्फोट झाला आणि १४ कामगारांचा बळी गेला. पाटीवर शांत पडलेली भुकटी वेगळी आणि हवेत तरंगणारी धूळ वेगळी. धुळीची परीक्षा म्हणूनच स्वतंत्र असते. ती २० लिटरच्या बंद पोलादी गोलात घेतात. गंधकाची धूळही हवेत उडाली असता ठिणगीने स्फोट पावू शकते.

गोणीवरचे चिन्ह

या साऱ्या खटाटोपाचे फळ म्हणजे गोणीवरचे एक चिन्ह: चौकोन कोनावर उभा, त्यात लाल-पांढरे उभे पट्टे, वर काळी ज्वाला आणि खाली ४ हा आकडा. धोकादायक माल वाहणाऱ्या गाडीवर त्या मालाचे वर्गचिन्ह लावणे आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार बंधनकारक आहे.

गंधकाच्या बाबतीत या चिन्हाचा अर्थ गावातल्या कोठीतही उपयोगी पडतो. गंधकाची पूड चुलीपासून, विडीकाडीपासून आणि विजेच्या ठिणगीपासून दूर ठेवावी. ठिबक सिंचनातून देतात ते पोटॅशियम नायट्रेट हे खत तिच्या शेजारी कधीही ठेवू नये. हे खत म्हणजेच शोरा. तो ऑक्सिजन पुरवतो, आणि बंदुकीच्या दारूत गंधकाचा जोडीदार तोच असतो. पूड सांडली तर झाडून धुरळा उडवू नये, ओलसर करून भरावी. आग लागलीच तर पाण्याचा जोराचा झोत मारू नये, कारण त्याने पूड उडते. पाणी बारीक तुषारांच्या रूपात फवारावे. जळत्या गंधकाची निळी ज्योत उन्हात नीट दिसत नाही आणि त्याचा धूर श्वास कोंडणारा असतो. म्हणून वाऱ्याच्या दिशेला उभे न राहता मोठ्या माणसांना व अग्निशामक दलाला बोलवावे.

विद्यार्थी मित्रांनो, ही परीक्षा घरी किंवा शाळेत करून पाहू नका. प्रयोगशाळेत ती धूर ओढून घेणाऱ्या बंदिस्त कपाटात, जाणकारांच्या हातूनच होते. तुम्ही दुसरा प्रयोग करा. खताच्या आणि औषधांच्या दुकानातील गोण्यांवर कोणकोणती धोक्याची चिन्हे छापली आहेत, त्यांची वहीत नोंद करा आणि कोणत्या दोन गोण्या शेजारी ठेवलेल्या नसाव्यात ते आपल्या विज्ञानशिक्षकांबरोबर ठरवा.