नाच्याचा पार्ट आणि पुरुषाचा मान



सिनेमा हा करमणुकीचा विषय; त्यावर व्याख्यान ते कशाला, असे कोणी म्हणेल. पण काही बोलपट असे असतात की, ते पाहून घरी गेल्यावरही मन स्वस्थ बसत नाही. रवी जाधव यांनी दिग्दर्शित केलेला, २०१० च्या जानेवारीत पडद्यावर आलेला 'नटरंग' हा त्यांपैकी एक. आनंद यादव यांच्या १९७८ च्या कादंबरीवर तो बेतलेला आहे. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. कलेची चिकित्सा हा आमचा प्रांत नव्हे. परंतु ही कथा मजुराची रोजी बुडण्यापासून सुरू होते. म्हणून तिच्यावर बोलण्याचा थोडा अधिकार आम्ही आमच्याकडे घेतो.

गुणा कागलकर हा शेतमजूर. अंगाने पिळदार, कुस्तीचा शौकीन आणि तमाशाचा वेडा. मालक विहिरीवर पंप बसवतो आणि गुणा व त्याचे सोबती बेकार होतात. तेव्हा ते तमाशाचा फड उभारतात. गुणाला राजाचा पार्ट करायचा असतो. पण नाचणारीण अट घालते की, फडात नाच्या हवा. बायकी चालीने आणि बायकी बोलण्याने लोकांना हसवणारा पुरुष तो नाच्या. हे सोंग घ्यायला एकही गडी तयार होत नाही. अखेर गुणाच कमावलेले शरीर उतरवतो आणि मुरडायला शिकतो. फड गाजतो, पण गुणाची पत जाते. घरच्यांना गावात मान खाली घालावी लागते. पुढे वैराने पेटलेले लोक त्याच्यावर बलात्कार करतात. घर तुटते, तरी तो कला सोडीत नाही.

येथे तीन गोष्टी वेगवेगळ्या ओळखल्या पाहिजेत. पहिली, माणूस करतो ते काम किंवा घेतो ते सोंग. दुसरी, आपण पुरुष आहो, स्त्री आहो की या दोन्ही चौकटींबाहेरचे आहो, ही त्याची अंतरीची जाणीव. तिसरी, त्याचे मन कोणाकडे ओढ घेते ही. यांतल्या एकीवरून दुसरी ताडता येत नाही. गुणाचे फक्त काम बदलले. गावाने त्याचा पिंडच बदलला असे ठरवले. हे केवळ कथेत घडत नाही. कोल्हापूरचे नट गणपत पाटील, ज्यांचे २००८ साली निधन झाले, ते बोलपटांतल्या नाच्याच्या भूमिकांसाठी महाराष्ट्रभर ओळखले जात. गृहस्थ संसारी, पण पडद्यावरच्या सोंगावरून लोकांनी त्यांच्या पुरुषत्वाबद्दल शंका घेतली. त्यांच्या आत्मचरित्राचे नावच 'रंग नाच्याचे' असे आहे.

पुरुषाने स्त्रीवेष घेणे हेच हलके मानावे, तर बालगंधर्वांचे काय? त्यांच्या शालूची नक्कल घरंदाज स्त्रिया करीत. आपल्या रत्नागिरीकडच्या नमनात गवळणी होतात ते गडीच असतात, आणि दक्षिणेकडच्या दशावतारात राणीचा पार्ट पुरुषच करीत आले. त्यांना कोणी हिणवीत नाही. मग नाच्यालाच का? आम्हांस असे दिसते की, रंगमंचावर पुरती स्त्री चालते, पुरता पुरुष चालतो. पुरुष राहून बायकी वागणारा मात्र चालत नाही. शिवाय बालगंधर्वांचा प्रेक्षक प्रतिष्ठित होता, आणि नाच्या हा तमाशातला गरीब माणूस. त्याची बाजू कोण घेणार?

या तिरस्काराचे मूळ आम्हांस आमच्या कामात सापडते. काजूच्या कारखान्यात बी सोलायला बायका बसतात. ते काम डोळ्यांचे, बोटांचे आणि चिकाटीचे. तरी 'बायकांचे काम' म्हटले की त्याचा भाव पडतो. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला, पण मनातला दर बदलला नाही. जेथे बाई स्वस्त, तेथे बाईसारखे वागणारा पुरुष म्हणजे पायरी उतरलेला पुरुष! नाच्याला मिळणारी शिवी मुळात बाईला दिलेली असते.

आता थोडा अवघड प्रश्न. गुणा 'खरा पुरुष' आहे हे आपणांस ठाऊक असते, म्हणून त्याच्यावरचा अन्याय आपल्याला टोचतो. समजा, तो तसा नसता; बायकी चाल हा त्याचा स्वभावच असता, किंवा त्याचे मन पुरुषाकडे ओढ घेत असते, तर अत्याचार कमी ठरला असता काय? मुळीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथी व्यक्तींना आपली लिंग-ओळख स्वतः सांगण्याचा हक्क मान्य केला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील राजीखुशीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. निकाल दिल्लीत लागतात. ते गावच्या पारावर आणि कारखान्याच्या फाटकावर आणणे हे आपले काम आहे.

त्याची सुरुवात आपल्या जिभेपासून करता येईल. मोर्च्यात निष्क्रिय अधिकाऱ्याला बांगड्यांचा आहेर करण्याची पद्धत आहे. त्याच मोर्च्यात पुढच्या रांगेत, हातात झेंडा धरून, बांगड्या भरलेल्या बायका उन्हात चालत असतात. भित्रेपणाची खूण म्हणून त्यांच्या हातचा दागिना दाखवायचा, हे कोणत्या न्यायात बसते? ज्या हातांत बांगड्या आहेत त्या हातांनी कितीतरी संप टिकवून धरले आहेत. तेव्हा तो आहेर बंद करावा, एवढीच आमची विनंती.