जोर-बैठका, मधुमेह आणि रक्तातली चरबी

बाजारहाटासाठी कोल्हापूरला जाल तेव्हा मंगळवार पेठेतून एकदा पायी चक्कर मारा. या भागाला तालमींचे वळण जुने. जवळच खासबागचे मैदान आहे. राजर्षी शाहू महाराजांनी रोमचा जुना आखाडा पाहिला आणि तसे मैदान इथे बांधवून घेतले; ते १९१२ साली पुरे झाले. तालमीतला लाल मातीचा हौदा, भिंतीशी ठेवलेल्या जोड्या हे सारे पैलवानांचे, आपला काय संबंध, असे तुम्हांला वाटेल. पण घरात कुणाला मधुमेह असेल, तर संबंध आहे.

मधुमेह म्हणजे रक्तातली साखर वाढणे, एवढेच आपण धरून चालतो. डॉक्टरांना मात्र दुसरीही काळजी असते. या रोगात पुष्कळांचा घात हृदयविकाराने होतो, आणि त्यामागे रक्तातल्या चरबीचा मोठा हात असतो. इन्शुलिन नीट लागू पडेनासे झाले, की अंगावरची चरबी सुटून रक्तात येते. यकृत तिचे ट्रायग्लिसराईड बनवून पुन्हा रक्तात सोडते. त्याच वेळी एचडीएल, म्हणजे उपयोगी कोलेस्टेरॉल, कमी होते. आपल्या लोकांत हा जोड फार आढळतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले, की भारतीय माणूस अंगाने बारीक दिसला तरी त्याच्या शरीरात चरबीचे प्रमाण जास्त असू शकते. तेव्हा ‘मी सडपातळ, मला काय होणार’ हे खरे नाही.

आता स्नायूंचे काम पाहा. जेवणातून आलेली साखर साठवणारी शरीरातली मोठी कणगी म्हणजे स्नायू. त्यांना जोर लावला, की इन्शुलिन कमी पडत असतानाही ते साखर ओढून घेतात. रक्तातले ट्रायग्लिसराईड फोडून वापरणारा पाचक रसासारखा एक पदार्थही स्नायूंच्या बारीक रक्तवाहिन्यांत असतो. व्यायामाने त्याचे काम वाढते. वापर नसेल तर कणगी लहान होत जाते. वयाबरोबर ती तशीही होतेच.

तुम्ही म्हणाल, शेतात राबतो ते काय कमी आहे? प्रश्न रास्त आहे. पण मोट गेली, पंप आला. नांगर गेला, ट्रॅक्टर आला. जाते गेले, गिरणी आली. हे झाले ते चांगलेच झाले, जात्यावरचे ते दिवस परत यावेत असे कोणतीही बाई म्हणणार नाही. मात्र उरलेले काम हंगामी आहे. लावणीला कंबर मोडते आणि पुढे दोन महिने गाडीवरून बांधापर्यंत, एवढीच हालचाल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०२३ साली प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते, की देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी रोगी आहेत, आणि खेडी त्यातून सुटलेली नाहीत.

दिल्लीच्या डॉक्टरांनी ३० मधुमेही रोग्यांकडून १२ आठवडे वजनांचा व्यायाम करवून घेतला, वजन हळूहळू वाढवत नेले. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तीन महिन्यांची सरासरी साखर सुमारे अर्ध्या टक्क्याने उतरली, एकूण कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराईडही उतरले. गंमत म्हणजे अंगाचे वजन जवळपास तेवढेच राहिले. काटा हलला नाही म्हणून निराश होणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. पण हातचे राखून बोलायला हवे. माणसे थोडी होती, आणि कॅनडात २५१ रोग्यांवर झालेल्या २००७ च्या मोठ्या प्रयोगात साखर उतरली तरी चरबीत म्हणावा असा फरक दिसला नाही. त्याच प्रयोगात चालणे-सायकल आणि वजने दोन्ही करणाऱ्यांची साखर सर्वांत जास्त उतरली. तेव्हा चालणे सोडू नका. त्याला जोड द्या.

ही जोड घरीच देता येते. भिंतीला हात टेकून जोर काढा. ओट्यावर बसा, हात न टेकता उठा. हीच तुमची बैठक. दोन पिशव्यांत वाळू भरा, उचला, खांद्यापर्यंत न्या. प्रत्येक प्रकार दहा-पंधरा वेळा, आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस विसावा. सोपे वाटू लागले, की वाळू थोडी वाढवा. घरातल्या बायकांनीही हे करावे. घागरी उचलणाऱ्या हातांना पिशवीचे काय भय!

दम कोंडून वजन उचलू नका, त्याने रक्तदाब एकदम चढतो. डोळ्यांच्या पडद्याला इजा झालेली असेल, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. पायाला बधिरपणा असेल तर अनवाणी व्यायाम नको. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात गुळाचा खडा ठेवावा. घाम सुटून हातपाय थरथरले तर तो लगेच खावा. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत.

आणि तालमीतून जोर-बैठका घ्या, खुराक घेऊ नका. तूप, बदाम, लिटरभर दूध हे दिवसाला शेकड्यांनी बैठका मारणाऱ्याचे खाणे. कुस्ती सुटली पण खुराक सुटला नाही, अशा जुन्या पैलवानांची पोटे तुम्ही पाहिलीच असतील.

सुरू करण्याआधी रक्ताची तपासणी करून कागद जपून ठेवा. ट्रायग्लिसराईड १५० च्या आत हवे; एचडीएल पुरुषांत ४० च्या वर, स्त्रियांत ५० च्या वर. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा आणि दोन्ही कागद डॉक्टरांपुढे शेजारी-शेजारी ठेवा.