पाच कोटींचा हिशेब आणि धाराशिवचा खो-खो

पुणेरी पलटणने 1 मार्च 2024 रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे हरवून प्रो कबड्डीचे पहिले विजेतेपद पटकावले. पुढच्या हंगामाआधी याच संघाने इराणच्या मोहम्मदरझा शादलूईला मोकळे केले. ऑगस्टच्या लिलावात हरियाणाने त्याला 2.07 कोटींना घेतले आणि डिसेंबरात पुण्यातच करंडक उचलला.

पुणेकरांचे चुकले का? उत्तर लिलावाच्या गणितात आहे. 2023 मध्ये प्रत्येक संघाला सगळ्या खेळाडूंसाठी मिळून पाच कोटींची मर्यादा होती. त्यातले 2.35 कोटी एकट्या शादलूईवर गेले. इतकी रक्कम एका जागी अडकली, तरी संघ जिंकला, कारण कर्णधार अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे ही तरुण फळी संघाने आधीपासून सांभाळली होती. प्रो कबड्डीत तरुण खेळाडूंना ठरलेल्या मानधनावर काही हंगाम कायम ठेवता येते. 2024 मध्ये संघाने महागडा तारा सोडला आणि ही फळी राखली. त्या वर्षी बाद फेरीही गाठता आली नाही. पण 2025 मध्ये हाच संघ पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला. मर्यादेतल्या खेळात शहाणपण एका बोलीवर जोखता येत नाही. त्याला दोन-तीन हंगाम द्यावे लागतात.

अमेरिकन फुटबॉलमध्ये ही कसरत फार मोठ्या प्रमाणावर चालते. एनएफएलने 1994 मध्ये वेतनमर्यादा आणली. 2025 साठी ती प्रत्येक संघाला 27.92 कोटी डॉलर होती. मार्चमध्ये करार संपलेले खेळाडू मोकळे होण्याआधी संघ जुने करार नव्याने मांडतात, काहींना निरोप देतात, जागा करतात. मात्र तिथे छताबरोबर तळही आहे: काही वर्षांच्या सरासरीत मर्यादेच्या सुमारे नऊ दशांश रक्कम खेळाडूंवर खर्च करणे संघांना बंधनकारक आहे.

हा तळच धाराशिवच्या दृष्टीने मोलाचा आहे. खो-खोत या जिल्ह्याचा दबदबा मोठा. इथली सारिका काळे 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात होती. 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याआधी 22 वर्षे खो-खोच्या वाट्याला हा मान आला नव्हता. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिल्या विश्वचषकात भारतीय मुलींनी नेपाळला 78-40 असे नमवले, तेव्हा त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती.

पैशांचे चित्र मात्र वेगळे. 2022 मध्ये बालेवाडीत अल्टिमेट खो-खोचा पहिला हंगाम झाला. लिलाव नव्हता. खेळाडूंच्या चार श्रेणी पाडल्या होत्या: पाच लाख, तीन लाख, दीड लाख आणि एक लाख. संघांनी आळीपाळीने खेळाडू निवडले. या पद्धतीत एक चांगली गोष्ट होती. निवड झाली की शेवटच्या श्रेणीतल्या पोरालाही लाखाची खात्री. पण अव्वल खेळाडूचे मोलही पाच लाखांवर अडले. त्याच वर्षी कबड्डीत पवन सेहरावतला 2.26 कोटींची बोली लागली, म्हणजे खो-खोच्या सर्वोच्च श्रेणीच्या 45 पट. आणि लीगचे पहिले दोन्ही हंगाम फक्त पुरुषांचे होते. ज्या जिल्ह्याने मुलींच्या खेळावर नाव कमावले, त्या मुलींसाठी तिथे श्रेणीच नव्हती.

मुलींना शासनाचे बक्षीस मिळते, नोकरीही मिळते. पण ती पदक जिंकल्यानंतर. लीगचे मानधन दर हंगामाला मिळते. घरच्यांना ‘अजून दोन वर्षे खेळू द्या’ असे सांगायला मुलीच्या हाती त्याच पैशाचा आधार असतो.

म्हणून खो-खोच्या संघटकांना आणि प्रायोजकांना आग्रहाची विनंती आहे. महिलांची लीग सुरू करा आणि तिच्या नियमांत संघांनी किमान किती खर्च करायचा, हे आधी लिहा. कमाल मर्यादेचे गणित मागाहून बसवता येईल.