हिशेबात न धरलेले हात

सकाळी 6.00
डबे आज नवरा भरतोय. शेजारच्या काकूंनी पाहिलं की म्हणतात, ‘नशीबवान आहेस हो!’ मी डबे भरते तेव्हा त्याला नशीबवान म्हणणारं कुणी भेटलेलं नाही. सासूबाई गॅलरीत बसून कालच्या जॅकेटांना काजं-बटणं करताहेत. एकाही टाक्याचे पैसे त्या घेत नाहीत. ‘घरचंच काम, त्याचे कसले पैसे?’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

9.30
कारखाना म्हणजे भाड्याची खोली, चार मशीन, एक इंटरलॉक आणि कटिंगचं टेबल. टेबलावर खण पसरलाय, बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डहून आलेला. पारंपरिक खणाचा पन्हा अरुंद असतो. चोळीला तो पुरतो, जॅकेटच्या पाठीला पुरत नाही. जोड द्यावाच लागतो. मास्टरजीला तो लपवायचाय. मला दोन्ही काठ पाठीच्या मधोमध भिडवून तो दाखवायचाय.
‘ताई, बुट्ट्या जुळवायच्या तर कापड जास्त जाईल.’
‘जाऊ दे. उरलेल्यातून बटवे काढू.’

11.30
नवरीची ट्रायल. बाही सैल करायची, आत एक इंच मार्जिन सोडायचं. नवरीची आई विचारते, ‘मुलगी लहान असताना धंद्याचं कसं जमवलंत?’ मास्टरजी तिथेच कात्री चालवतोय. त्याची मुलं पश्चिम बंगालमधल्या गावात आहेत, वर्षातून एक-दोनदा भेटतात. त्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही. पोटासाठी त्याने घर सोडलं तर ती जबाबदारी. मी घरापासून दोन गल्ल्यांवर कारखाना काढला तर ती महत्त्वाकांक्षा!

2.00
जेवण उरकून कॉस्टिंग. नवरीचे ब्लाउज मी कितीही शिवले तरी धंदा माझ्या तासांइतकाच राहणार, कारण प्रत्येक माप मीच घेते. ठरलेल्या मापांत, स्मॉलपासून डबल एक्सएलपर्यंत, दुकानात टांगता येतील अशी जॅकेटं करायची, ही माझी खरी हाव. म्हणून हे जॅकेट महत्त्वाचं.
कापड, अस्तर, कटिंग, शिलाई, भाडं, वीज, माझा पगार आणि नफा धरून किंमत येते 2,450. आज पहिल्यांदाच सासूबाईंच्या हातकामाचे 150 लिहिले. झाले 2,600. इथे जीएसटी आडवा येतो. 22 सप्टेंबर 2025 पासून अडीच हजारापर्यंतच्या कपड्यावर 5 टक्के कर आहे आणि त्यापुढे थेट 18. म्हणजे 2,500चं जॅकेट गिऱ्हाइकाला 2,625ला पडतं, 2,600चं 3,068ला. शंभराच्या वाढीला 443 जादा मोजायला कोण तयार होईल? सोपा उपाय एकच: ते 150 खोडायचे. असंख्य घरगुती धंदे याच खोडण्यावर तगले आहेत.

4.30
वसुलीचे फोन. एका बुटिककडे जुनं बिल अडकलंय. बिलावर उद्यम नोंदणीचा क्रमांक छापायला लागल्यापासून माझा आवाज जरा चढलाय. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. मुदत उलटली, तर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत माल घेणाऱ्याला तो खर्च आयकरात दाखवता येत नाही. एवढं सांगितलं की ‘सर बाहेर गेलेत’चं ‘उद्या ट्रान्स्फर करतो’ होतं.
शिकाऊ मुलगी हे सगळं ऐकत होती. तिला फॅशन डिझायनर अनिता डोंगरे व्हायचंय. त्यांनी दोन मशीनवर सुरुवात केली, हे तिला पाठ आहे. बहीण आणि भाऊ त्यांच्या धंद्यात आहेत, हे मात्र तिच्या गावी नव्हतं. घरचे बरोबर असण्यात कमीपणा नाही, फक्त त्यांची नावं वहीत हवीत, एवढंच तिला म्हटलं.

7.30
घरी. मुलीचं गणित, कुकरच्या शिट्ट्या, नवऱ्याचा ‘आज भाजी कोण चिरतंय?’ हा प्रश्न. चिरली त्यानेच.

9.30
जॅकेटचं चित्र पुन्हा पुढ्यात घेतलं. दोऱ्यांना लटकनं आहेत, कॉलरला पायपिंग आहे. दोन्ही काढली. पाठीवर काठ भिडलेले असताना त्यांची गरजच नव्हती. ती लावली होती कारण सगळेच लावतात. किंमत आली 2,480. हातकामाचे 150 जागेवर.
सासूबाईंना आकडा दाखवला. ‘मला कशाला?’ म्हणाल्या. मग चष्मा लावून ओळ नीट वाचली.
‘काजं आणि बटणं मिळून दीडशे?’
‘हो, आई.’
‘आणि आतली तुरपाई काय फुकट?’
पेन्सिल पुन्हा हातात घेतली. अडीच हजाराच्या आत अजून वीस रुपये आहेत, बाकीचे माझ्या नफ्यातून.